वाक्यातला ‘नाही’ कुठे गेला?

मराठी वाक्यात नकार बहुधा शेवटी येतो. ‘आज धरणाचे दरवाजे उघडणार नाहीत’ या वाक्यातला शेवटचा अर्धा सेकंद गळाला, की ऐकणाऱ्याच्या हाती नेमका उलटा निरोप पडतो. इंटरनेटने जोडलेल्या हौशी रेडिओवर असा अर्धा सेकंद अधूनमधून गळतो. तो गळाला की बहुतेकांचे निदान ठरलेले असते: ‘नेट स्लो आहे.’ मग प्लॅन वाढवला जातो, नवा राऊटर येतो, आठवडाभर बरे चालते आणि पुन्हा आवाज तुटू लागतो. आवाज तुटणे हा या छंदातला किरकोळ त्रास मानला जातो. तसा तो मानू नये.

हौशी रेडिओ, म्हणजेच ‘हॅम’, हा परवाना घेऊन करायचा छंद. हातात मावणाऱ्या छोट्या संचाचा पल्ला काही किलोमीटरचाच असतो. उंचावरचा रिपीटर तो वाढवतो. १९९७ मध्ये कॅनडातील डेव्हिड कॅमेरॉन यांनी दूरदूरचे रिपीटर इंटरनेटने जोडणारी ‘आयआरएलपी’ ही यंत्रणा उभी केली. २००२ मध्ये अमेरिकेतील जोनाथन टेलर यांची ‘इकोलिंक’ आली. उंच अँटेना लावायला सोसायटी परवानगी देत नाही अशा फ्लॅटमधला हॅमही त्यामुळे दुसऱ्या खंडातल्या मित्राशी बोलू शकतो. पण या वाटेवर आवाजाला बऱ्याच पायऱ्या ओलांडाव्या लागतात: हातातला संच, रिपीटर, त्याला जोडलेला संगणक, राऊटर, इंटरनेट आणि पलीकडे पुन्हा हीच साखळी उलट क्रमाने. बिघाड यातल्या कोणत्याही कडीत असू शकतो, आणि ऐकणाऱ्याच्या कानाला मात्र सगळे सारखेच ‘तुटलेले’ वाटते.

‘नेट स्लो’ हे निदान बहुधा का चुकते, ते साध्या हिशेबाने कळते. इकोलिंक बोलणे दाबून लहान करते आणि त्याचे ८० मिलिसेकंदांचे तुकडे पाठवते. सगळा जामानिमा धरूनही सेकंदाला जेमतेम १७-१८ किलोबिट लागतात. १०० मेगाबिटच्या जोडणीत असे हजारो आवाज मावतील. तेव्हा नळ मोठा करून उपयोग नाही. पाणी एकसारखे येते का, ते पाहायला हवे. हे तुकडे रजिस्टर्ड पोस्टाने जात नाहीत. वाटेत हरवलेला तुकडा पुन्हा मागवला जात नाही, कारण उशिरा आलेला शब्द बोलण्यात निरुपयोगीच. उशीर थोडा कमीजास्त होणार हे गृहीत धरून पलीकडचा संगणक काही तुकडे साठवून ठेवतो. पंगतीत वाढप्याला उशीर झाला तरी पान रिकामे राहू नये म्हणून आधीच थोडे जास्त वाढून ठेवावे, तसे. साठा फार लहान ठेवला तर आवाज तुटतो; फार मोठा ठेवला तर उत्तर उशिरा येते आणि दोघे एकदम बोलू लागतात. एक तुकडा गेला तर फारसे कळत नाही. सलग पाच-सहा गेले की जवळजवळ अर्धा सेकंद गेला, आणि त्यात ‘नाहीत’ सहज बसतो.

म्हणून पहिला प्रश्न ‘वेग किती?’ हा नसावा, ‘तुटतो कसा?’ हा असावा. आवाज तुटण्याआधी खरखर वाढत असेल तर दोष रेडिओच्या बाजूला आहे: सिग्नल कमजोर, अँटेनाची जोडणी सैल किंवा बोलणारा चालत्या गाडीत. खरखर मुळीच नाही आणि मध्येच स्वच्छ शांतता किंवा यंत्रमानवासारखा आवाज येत असेल तर संशय इंटरनेटच्या बाजूला घ्यावा. बोलणाऱ्याने आवाज चढवला की तोच तुटत असेल तर नेटला दोष देऊन चालणार नाही. त्याच्या संचाचे मॉड्युलेशन जास्त आहे आणि रिपीटरला त्याच्या सिग्नलमधला ओळखीचा सूक्ष्म टोन नीट कळत नाही, अशी दाट शक्यता असते. रिपीटर प्रक्षेपण करत असतानाच गडबड होत असेल तर त्याच्याच लहरी संगणकाच्या वायरींत शिरत असतील. तिथे फेराइटचे कडे कामाला येते. दर वेळी ठराविक मिनिटांनीच बोलणे कापले जात असेल तर तो दोषच नव्हे. लांबलचक बोलणाऱ्याला थांबवण्यासाठी लावलेले ते घड्याळ आहे. आणि नेहमी पहिलाच शब्द जात असेल तर उपाय फुकटचा आहे: बटण दाबल्यावर सेकंदभर थांबून बोलावे.

दुसरी पायरी साखळी मधोमध तोडून पाहण्याची. इकोलिंकवर ९९९९ क्रमांकाचे एक चाचणी-केंद्र आहे. तिथे बोललेले तसेच परत ऐकू येते. संगणकाच्या मायक्रोफोनवरून केलेली ही चाचणी पुन:पुन्हा स्वच्छ आली तर आपले इंटरनेट बहुधा ठीक आहे, शोध रेडिओकडे किंवा पलीकडच्या टोकाकडे वळवावा. तीही तुटत असेल तर संगणकावरून आधी घरच्याच राऊटरला दहा मिनिटे ‘पिंग’ करावे, मग बाहेरच्या एखाद्या पत्त्याला. राऊटरपर्यंतच तुकडे हरवत असतील तर दोष वायफायचा. साधी केबल लावली की तो बहुतेकदा मिटतो. घरात स्वच्छ आणि बाहेर खराब असेल तर सेवा देणाऱ्या कंपनीकडे जावे. तेव्हा हातात आकडे असतात आणि तक्रार टोलवणे तिला अवघड जाते. मधल्या काळात मोबाइल फोटोंचा बॅकअप चढवत असला तरी राऊटरच्या रांगेत आवाजाचे तुकडे अडकतात; वेगाची चाचणी नेमकी त्या क्षणी केली नसेल तर तिला याचा पत्ताही लागत नाही. संगणक म्हणून रास्पबेरी पाय वापरला असेल तर त्याचा पुरवठा ४.६३ व्होल्टच्या आसपास किंवा खाली घसरल्याची नोंद तो स्वत: ठेवतो. हलकी चार्जिंग केबल हे बिघाडाचे कारण निघणे नवलाचे नाही.

यात महागडे उपकरण एकही नाही. महाग आहे ती शिस्त: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वेळ लिहून ठेवायची. अधूनमधून येणारा दोष पाळीच्या तापासारखा असतो. डॉक्टरसमोर बसले की अंग थंड, घरी गेले की फणफण. अशा तापाला तक्ता लागतो, अंदाज चालत नाही. राऊटर, केबल आणि सेटिंग एकाच दुपारी बदलले, तर बरे का झाले ते कळत नाही आणि पुन्हा बिघडल्यावर सुरुवात शून्यापासून होते. हॅम मंडळींना वहीची सवय जुनीच आहे. कोणाशी, किती वाजता, कोणत्या फ्रिक्वेन्सीवर बोललो हे ते निष्ठेने लिहितात. त्याच वहीत ‘रात्री ९.१०, दोन शब्द गेले, खरखर नाही’ एवढी ओळ पडू लागली, तर आठवड्याभरात दोषाचा चेहरा दिसू लागेल.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा, की गप्पाच तर आहेत. शब्द गेला तर ‘पुन्हा सांगा’ म्हणावे. पण शब्द गेल्याचे ऐकणाऱ्याला कळले तरच तो पुन्हा विचारील. १९७० मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वॉरन यांनी वाक्यातला एक ध्वनी काढून तिथे खोकल्याचा आवाज घातला. ऐकणाऱ्यांना शब्द पूर्ण ऐकू आल्यासारखा वाटला; खोकला नेमका कुठे आला हेही त्यांना धड सांगता आले नाही. खोकल्याऐवजी निखळ शांतता ठेवली तेव्हा मात्र खंड ओळखता आला. मेंदू गोंगाटातली भोके स्वत:च बुजवतो. काही यंत्रणाही हरवलेल्या तुकड्याच्या जागी आधीच्या आवाजाची नक्कल घालतात. कानाला ते गोड लागते, पण गळाल्याची खूण पुसली जाते. आणि शेवटचा ‘नाही’ आख्खा गेला, तर उरलेले वाक्य व्याकरणाने पूर्णच असते. शंका यायला जागाच राहत नाही.

दुसरा आक्षेप जुन्या जाणत्यांचा: इंटरनेटवर टेकलेला रेडिओ हा रेडिओच नव्हे, त्याच्यामागे एवढा वेळ का घालवावा? यात तथ्य आहे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानचा संपर्क तुटला, तेव्हा पोर्ट ब्लेअरमध्ये असलेल्या भारती प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोप पोहोचवले ते थेट लहरींवरून. संकटाचा पहिला घाव तारांवर आणि टॉवरवरच पडतो. म्हणून थेट रेडिओचा सराव सुटता कामा नये. पण जिथे इंटरनेट शाबूत असते त्या बाहेरच्या गावांत निरोप पुढे नेताना हीच जोडणी वापरली जाण्याचा संभव असतो. ती वापरायची असेल तर भरवशाची हवी, नाहीतर तिच्यावरून इन्सुलिनचे युनिट किंवा धरणाच्या विसर्गाचे आकडे सांगू नयेत. ‘बहुतेक वेळा चालते’ ही मधली अवस्थाच सर्वांत घातक. पूर्ण बंद पडलेल्या यंत्रावर निदान कोणी विसंबत तरी नाही.

पावसाळ्याआधी नालेसफाई होते, तशी या जोडण्यांची तपासणी हॅम क्लबांनी दरवर्षी करावी: वेगवेगळ्या वेळी, वही समोर ठेवून. आणि दोष शून्यावर कधीच येत नसतो, म्हणून बोलण्याचीही शिस्त लावून घ्यावी. आकडे सुटे सुटे सांगावेत. ‘पन्नास’ न म्हणता ‘पाच, शून्य’. ऐकणाऱ्याने निरोप जसाच्या तसा परत म्हणून दाखवावा. आणि नकार वाक्याच्या शेवटावर सोडू नये. ‘नाही, नाही. दरवाजे आज उघडणार नाहीत.’ कानाला ते थोडे विचित्र लागेल, पण तीनपैकी एखादा ‘नाही’ तरी नदीकाठच्या गावापर्यंत पोहोचेल.