दुरुस्तीची बातमी कोण देणार?

2020च्या एप्रिलमध्ये मामूंचा फोन आला. ते तालुक्याच्या गावी हातगाडीवर फळं विकतात. त्या दिवशी एका गल्लीत त्यांना आधी नाव विचारलं आणि मग गाडी पुढे न्यायला सांगितलं. मला म्हणाले, "बेटा, तू बातम्यांच्या कामाला आहेस ना? मग खरं काय ते छाप की."

मी तेव्हा एका मराठी न्यूज पोर्टलच्या डेस्कवर होतो. काम घरून चालायचं. एका शिफ्टमध्ये बारा बातम्या द्यायच्या, हा नियम. मार्चअखेर निजामुद्दीन मरकजची बातमी आली आणि पुढे कित्येक दिवस तोच विषय 'चालत' होता. आत्ता किती लोक कोणती बातमी वाचताहेत याचा आकडा आम्हाला स्क्रीनवर दिसायचा. शीर्षकात 'तबलिगी' शब्द आला की तो आकडा चढायचा. मग रुग्णसंख्येच्या साध्या बातमीतही तो शब्द पुढे येऊ लागला.

डेस्कवर मी एकटाच मुसलमान. ती शीर्षकं बाकीच्यांनी दिली, असं सांगायला मला आवडलं असतं. पण त्यातली काही माझी आहेत. बारा भरायच्या होत्या, आणि लॉकडाऊनमध्ये घरात पगार फक्त माझा येत होता.

तिथे कुणी द्वेष पसरवायला बसलं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. आमचा शिफ्ट इनचार्ज भला माणूस. रमजानात माझी ड्युटी इफ्तारच्या आधी संपेल, अशी त्याने आठवणीने लावली. तोच माणूस 'अँगल बदल, चालत नाहीये' असंही सांगायचा. त्यालाही वरून आकडाच विचारला जात होता.

21 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी प्रकरणातल्या 29 परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. या लोकांविरुद्ध माध्यमांतून मोठा अपप्रचार झाला आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं दिसतं, असं निकालपत्रात होतं. ती बातमी मी मागून घेतली. तासाभरात ती मुख्य पानावरून खाली गेली. एप्रिलमध्ये याच विषयावर आम्ही वाचकांच्या मोबाइलवर नोटिफिकेशनमागून नोटिफिकेशन पाठवली होती. निकालाचं एकही गेलं नाही. विचारलं तर उत्तर आलं, "जुना विषय झाला रे."

'वाचकाला हवं तेच आम्ही देतो' असं आमच्या धंद्यात म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. आरोप वाचकाच्या हातात नेऊन दिला आणि निकाल कोपऱ्यात ठेवला, तर वाचकाने निवड केली कधी? फॅक्टचेकचं वेगळं पान असतं, पण अफवा वाचलेला माणूस तिकडे फिरकत नाही.

गंमत म्हणजे त्याच एप्रिलमध्ये व्हॉट्सअपनेसुद्धा वारंवार फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल, असं बंधन घातलं. ज्यांचा धंदाच निरोप पोचवण्याचा, त्यांना ब्रेक लावता येतो. मग आम्हाला का नाही?

माझी मागणी छोटी आहे. ज्या मोबाइलवर आरोपाची बातमी गेली, तिथेच निकालाचीही जावी. आणि दुरुस्ती करणाऱ्याची ती बातमी त्याच्या बारांत मोजली जावी. जे काम मोजलंच जात नाही, ते पोट हातावर असलेला माणूस फार दिवस करत नाही. हे मी स्वतःवरून सांगतोय.

निकालाचं मी मामूंना फोनवर सांगितलं. "छापलंस ना?" त्यांनी विचारलं. म्हटलं, छापलं. ते खूश झाले. त्या गल्लीत मात्र ते अजून गाडी नेत नाहीत.