आधी वायू, मग कोळसा

नातेपुते (जि. सोलापूर) : बोअर मारणे हा माळशिरस तालुक्यात नित्याचा व्यवहार आहे. पाणाड्याने जागा दाखवावी, गाडी यावी, काळा पाषाण फोडत खाली जावे. पाणी लागले तर नशीब, नाही तर दुसरी जागा. येथील काळ्या पाषाणाखाली कोळसा कोणी शोधत नाही. पण राज्याच्या दुसऱ्या टोकाला, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांत, वेस्टर्न कोलफील्ड्सच्या भूमिगत खाणी आहेत, आणि देशातील भूमिगत कोळसा उत्पादन २०३० पर्यंत वर्षाला १० कोटी टनांवर नेण्याचे केंद्राचे उद्दिष्ट आहे. खाणी खोल जातील तसा कोळशातील मिथेनही सामान्यतः वाढतो. तो काढून घेण्यासाठी लागणारे बोअर मात्र नशिबावर सोडता येत नाहीत.

हवेत मिथेनचे प्रमाण ५ ते १५ टक्के झाले की एक ठिणगी पुरते. ६ सप्टेंबर २००६ रोजी झारखंडमधील भाटडीह खाणीत झालेल्या स्फोटात ५० कामगार ठार झाले. प्रमाण सव्वा टक्क्यावर पोहोचताच कामगारांना बाहेर काढावे, असा नियम आहे. टनामागे बाहेर पडणाऱ्या वायूनुसार थरांच्या तीन श्रेणी ठरतात : १ घनमीटरपेक्षा कमी, १ ते १० आणि त्याहून अधिक. वर्धा खोऱ्यातील कोळसा तुलनेने कमी वायूचा आहे. त्यामुळे मोठा पंखा लावून हवा खेळती ठेवली की काम भागते, अशी सवय आपल्याकडे मुरली आहे. तिसऱ्या श्रेणीच्या थरात पंखा अपुरा पडतो.

लाँगवॉल पद्धतीत कोळसा कापणारे यंत्र पुढे सरकते आणि मागे छत कोसळू दिले जाते. कोसळलेल्या भागाच्या वरचे खडक तडकतात आणि वरच्या थरांतला वायूही खाली उतरतो. तो ओढून घेण्यासाठी जमिनीवरून विहिरी खोदतात. विहीर कोळशाच्या थराच्या काही मीटर वर थांबवायची, तळाच्या नळीला छिद्रे ठेवायची आणि जागा शक्यतो परतीच्या हवेच्या मार्गाकडची निवडायची, कारण तिकडच्या भेगा अधिक काळ उघड्या राहतात. हे सारे यंत्र तेथे पोहोचण्यापूर्वी व्हावे लागते. नंतर तडकलेल्या खडकात खोदकाम करणे कठीण. पाणी भेगांतून निघून जाते, अवजार अडकते. विहिरीच्या जागी शेत किंवा घर असेल, तर जमीन मिळवण्याचा काळही हिशेबात धरावा लागतो. म्हणजेच वेळापत्रक कोळशाच्या नव्हे, वायूच्या बाजूने मांडायला हवे.

न्यूझीलंडच्या पाइक रिव्हर खाणीत हेच उलटे झाले. तेथे थराचा अंदाज घेण्यासाठी लांब आडवे बोअर मारले गेले, त्यांतून वायू निघू लागला आणि मग ते निचऱ्याच्या नळीला जोडण्यात आले. नळीला तो भार पेलवत नव्हता. १९ नोव्हेंबर २०१० च्या स्फोटात २९ जण मृत्युमुखी पडले. शाही चौकशी आयोगाने वायूच्या निचऱ्याची व्यवस्था अपुरी ठरवली. शोधाचे बोअर आणि निचऱ्याचे बोअर यांचा हेतूच वेगळा, हे तेथे जीव गमावून कळले.

आपल्याकडे अडथळा तंत्राचा कमी आणि कार्यालयांचा अधिक होता. १९९७ च्या धोरणाने कोळशातील वायू पेट्रोलियम मंत्रालयाकडे गेला, कोळसा कोळसा मंत्रालयाकडे राहिला. एकाच थराचे दोन मालक! झरिया क्षेत्रातील मूनीडीह खाणीत संयुक्त राष्ट्रांच्या साह्याने झालेल्या प्रात्यक्षिक प्रकल्पात वायू काढून त्यावर वीजही तयार केली गेली. तरीही त्याचे अनुकरण झपाट्याने झाले नाही. कोल इंडियाला स्वतःच्या क्षेत्रात वायू काढण्याचा हक्क २०१५ मध्ये मिळाला, आणि त्यासाठीच्या वेगळ्या परवान्याची अट २०१८ मध्ये सुटली.

परवाना सुटला, तरी मोजमाप उरतेच. नव्या भूमिगत खाणीसाठी शोधाचे बोअर तसेही मारले जातात. वर आलेला कोळशाचा नमुना लगेच हवाबंद डब्यात ठेवून त्यातून किती वायू सुटतो हे पाहण्याचा खर्च त्या बोअरच्या तुलनेत किरकोळ आहे. उत्पादनाचा आराखडा मंजुरीसाठी जाण्यापूर्वी हा आकडा हाती असेल, तर निचऱ्याच्या विहिरी नकाशावर वेळेत उतरतील.