एजंटाने पासपोर्ट मागितला, देशबांधवाने आडनाव विचारले

लंडनमध्ये भाड्याने खोली शोधणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची एक तक्रार कायम कानावर येते : "आपण फॉरेनर म्हणून हे लोक आपल्याला घर देत नाहीत." तक्रार खोटी नाही. आम्हीही त्याच रांगेतून गेलो आहोत. पण ही तक्रार करणाऱ्या आपल्याच देशबांधवांना आमचे काही प्रश्न आहेत.

आधी एजंटाचे पाहू. भाडेकरूला देशात राहण्याचा आणि घर भाड्याने घेण्याचा हक्क आहे की नाही हे घरमालकाने तपासावे, नाहीतर दंड भरावा, अशी तरतूद २०१४ च्या इमिग्रेशन कायद्याने केली. फेब्रुवारी २०१६ पासून ती सगळ्या इंग्लंडभर लागू झाली. परिणाम काय? दंडाला घाबरणारा घरमालक परदेशी नाव दिसले की 'कटकट नको' म्हणून दुसरा भाडेकरू बघतो. या योजनेमुळे भेदभाव होतो, असे तिथल्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट म्हटले. २०२० मध्ये अपिली न्यायालयाने योजना कायम ठेवली, पण भेदभाव होतो हे नाकारले नाही.

त्यावर जामीनदाराची अट. ब्रिटनमध्ये राहणारा, तिथे कमावणारा जामीनदार आणा, नाहीतर सहा महिन्यांचे भाडे आगाऊ भरा. २०१९ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये भाडेकरूकडून फी उकळणे बंद झाले, अनामत रकमेलाही मर्यादा आली. आगाऊ भाड्याला लगाम घालायला मात्र २०२५ चा कायदा यावा लागला.

आता विचार करा, ही अट कोणाला जड जाते? ज्याचा मामा वीस वर्षांपासून हॅरोत राहतो, त्याला जामीनदार घरातच मिळतो. ज्याच्या वडिलांचे पुण्यात दोन फ्लॅट आहेत, त्याला सहा महिन्यांचे भाडे उभे करायला एक फोन पुरतो. आमच्या वस्तीतून शिष्यवृत्तीवर आलेल्या पोराला परदेशात मामा नसतो आणि गावाकडच्या दोन खोल्यांवर कोणती बँक कर्ज देत नाही. कागदावर अट दोघांना सारखीच. पण 'फॉरेनर' हा शब्द सगळ्या भारतीयांना एकाच मापाने लागू होत नाही. परदेशातही जातीचे भांडवल वटते.

हे झाले गोऱ्या एजंटाचे. त्याने आमच्याकडे पासपोर्ट, व्हिसा, बँकेचे स्टेटमेंट आणि विद्यापीठाचे पत्र मागितले आणि शेवटी नकार दिला. राग आला. मग सगळे सांगतात तसे आम्ही 'आपल्या माणसांकडे' वळलो. भारतीयांच्या ग्रुपवर जाहिरात होती : घरातली एक खोली, शाकाहारींना प्राधान्य. फोन केला. पलीकडून अस्सल मराठी. जीव सुखावला. "कुठले तुम्ही?" सांगितले. "नाही, म्हणजे मूळचे कुठले?" तेही सांगितले. "आडनाव काय म्हणालात?" आडनाव सांगितल्यावर खोली 'कालच गेली' होती. तीन दिवसांनी तीच जाहिरात पुन्हा त्याच ग्रुपवर दिसली.

आमचा प्रश्न सरळ आहे. एजंटाने केला तो वंशभेद, मग तुम्ही केले ते काय? एजंटाला आमचा व्हिसा हवा होता. तुम्हाला आमचा जन्म हवा होता.

लगेच उत्तर तयार असते : "हा जातीचा प्रश्न नाही हो, खाण्यापिण्याचा आहे." ठीक आहे, तसे समजू. मग फोनवर फक्त खाण्याचे का नाही विचारत? आडनाव कशाला हवे? मूळ गाव कशाला हवे? आणि शाकाहारी बौद्ध मुलगी दारात उभी राहिली तर तिला खोली देता का? मांसाहारी सवर्ण पोराला 'बाहेर खाऊन ये' एवढ्या अटीवर घेता, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. 'शाकाहारी' हा आहाराचा शब्द उरलेला नाही. जात न विचारता जात विचारण्याची ती सोय आहे.

बाबासाहेबांचा अनुभव आठवा. न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये शिकून १९१७ मध्ये ते बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या अख्ख्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव लावून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढले. हिंदू मित्र आणि ख्रिस्ती मित्र, दोघांनीही घरात घेण्याचे टाळले. परक्या देशांत त्यांना डोक्यावर छप्पर मिळाले होते. ज्या देशाचा पासपोर्ट मिरवत तुम्ही 'आम्ही फॉरेनर' म्हणून रडता, त्या देशात हा माणूस कोण होता?

म्हणून कायद्यात 'जात' हा शब्द हवा, असे आम्ही म्हणतो. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात वंशाच्या व्याख्येत जात घालण्याची मुभा सरकारला होती. २०१३ मध्ये संसदेने ते सरकारवर बंधनकारक केले. पण ब्रिटनमधल्या काही हिंदू संघटनांनी विरोध केला आणि २०१८ मध्ये सरकारने हात वर केले : न्यायालयांचे निर्णय पुरेसे आहेत म्हणे! यात घराचा प्रश्न कुठे येतो? इथेच येतो. त्या कायद्यात स्वतः राहत्या घरातली खोली देणाऱ्या मालकाला काही बाबतींत सूट आहे, पण वंशाच्या बाबतीत ती सूट नाही. जात स्पष्टपणे वंशात धरली गेली, तर 'खोली कालच गेली' म्हणणाऱ्याला उत्तर द्यावे लागेल. आज मात्र निर्णयांचा अर्थ लावत न्यायालयात भांडायचे ओझे खोली शोधणाऱ्या विद्यार्थ्यावर आहे. अमेरिकेतल्या सिॲटलने २०२३ मध्ये जातभेदावर बंदी घालताना घरांचाही समावेश केला. एका शहराला जमते ते एका देशाला का जमू नये?

आणि मायदेश? संविधानाच्या कलम १५ ने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते सर्वांना खुले केले. पण खासगी घरमालकाने भाडेकरूला जातीवरून नकार दिला तर त्याला थेट जाब विचारणारा स्वतंत्र कायदा आजही नाही. उलट २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका गृहनिर्माण संस्थेचा सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवण्याचा नियम वैध ठरवला. इथे मोकळे सुटलेलेच तिथे जाऊन जाहिरात देतात.

शेवटी आपल्या सरकारबद्दल. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर, जिथे बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले, ते महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतले. स्मारक हवेच, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण त्या घराला वंदन करून परतणाऱ्या पोराला रात्री मित्राच्या खोलीत जमिनीवर झोपावे लागत असेल, तर ते स्मारक अपुरे आहे. परदेश शिष्यवृत्ती देणाऱ्या सरकारांनी निर्वाह भत्त्याचा पहिला हप्ता विमानात बसण्याआधी खात्यात जमा करावा. घरमालक स्वीकारेल असे हमीपत्र सोबत द्यावे. ज्याच्या मागे मामा नाही, त्याच्या मागे राज्य उभे राहिले पाहिजे.

आणि थोडे स्वतःलाही बजावू. आपल्यापैकी जे परदेशात स्थिरावले, त्यांनी वर्षाला एका तरी नव्या विद्यार्थ्याला जामीन राहावे, पहिले पंधरा दिवस घरात जागा द्यावी. बाबासाहेबांना बडोद्यात एकही दार उघडले नाही. आपले दार आपल्या हातात आहे.

फॉरेनर म्हणून न्याय मागणाऱ्या देशबांधवांनो, मागा. आम्ही तुमच्यासोबत आहोत. फक्त त्याआधी ग्रुपवरची ती जाहिरात काढा.

जय भीम!