भीती वाटण्याचे सुख

भीती कोणालाच नको असते. भीतीची गोष्ट मात्र सर्वांना हवी असते. मनुष्यस्वभावातील ही विसंगती फार जुनी आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले, तेव्हा शृंगार-वीरांच्या पंक्तीत भयानकालाही पाट मांडून दिला. त्याचा रंग काळा आणि देवता काल. हा रस कशाने उत्पन्न होतो याचीही यादी त्यांनी दिली आहे, आणि ती मोठी मासलेवाईक आहे. विकृत आवाज, भुताखेतांचे दर्शन, कोल्ह्यांची व घुबडांची ओरड, अरण्य आणि ओसाड घर! आता ओसाड घरात भिण्यासारखे काय असते? काहीच नसते. पण ते काहीच नसणे हेही भुताइतकेच भिववते, हे भरतमुनींना पक्के ठाऊक होते.

ही यादी आज आठवण्याचे कारण जरा निराळे आहे. ज्या खेळांपायी हल्ली घरोघरी मुले रात्री जागतात आणि आईवडील कातावतात, त्या संगणकावरच्या खेळांत ही यादी जशीच्या तशी नांदताना दिसते. या खेळांत एक जात आहे, तिला आपण भूमिकेचे खेळ म्हणू. खेळणाराने एक पात्र व्हायचे, एका कल्पित मुलुखात हिंडायचे, माणसांशी बोलायचे, संकटे ओढवून घ्यायची आणि निभावायची. वडीलधाऱ्यांची समजूत अशी की, यात नुसती हाणामारी असते. पुष्कळांत ती असतेही. पण त्यांतले जे चांगले, ते हाणामारीपेक्षा वातावरणावर जगतात.

या खेळांचे मूळ यंत्रात नाही, गोष्ट सांगण्यात आहे. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. साहित्य म्हणजे कागद, पेन्सिल आणि फासे. टेबलाभोवती चारसहाजण बसायचे. एकाने सांगायचे, ‘‘समोर दार आहे, आतून काहीतरी घासल्यासारखा आवाज येतो आहे,’’ आणि इतरांनी ठरवायचे, दार उघडावे की मागे फिरावे. पुढे सांगणाराची जागा संगणकाने घेतली. पण ते दार आणि तो घासल्याचा आवाज तसाच राहिला.

येथेच नाटक-कादंबरी आणि हा खेळ यांतला भेद आहे. नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी यांच्या कथा ज्यांनी रात्री एकट्याने वाचल्या आहेत, त्यांना मानेवर काटा येणे म्हणजे काय हे सांगावयास नको. परंतु कथेतला मनुष्य अंधारा जिना चढतो तेव्हा आपण अंथरुणात असतो. त्याने चढू नये असे आपल्याला वाटते. तो मूर्ख चढतोच. खेळात चढणारा मूर्ख आपण स्वतः असतो. पाऊल आपण उचलल्याशिवाय गोष्ट पुढे सरकतच नाही. गोष्टीत बुडून जाणे, रंगून जाणे, असे आपण म्हणतो. बुडालेला मनुष्य असहाय असतो. रंगलेला मनुष्य आपण होऊन रंगतो. या खेळांना दुसरा शब्द अधिक शोभतो.

आता कारागिरी पाहू. 2004 साली ‘व्हॅम्पायर : द मास्करेड – ब्लडलाइन्स’ नावाचा खेळ निघाला. त्यात आपण स्वतःच रक्तपिपासू पिशाच्च असतो. म्हणजे वास्तविक लोकांनी आपल्याला भ्यावे! अशा या पिशाच्चाला एका ओसाड हॉटेलात पाठवतात. खेळाचे जाणकार आजही त्या हॉटेलाचे नाव आदराने घेतात. गंमत अशी की, त्या संपूर्ण इमारतीत लढण्याजोगा एकही शत्रू नाही. दिवे फुटतात, भांडी अंगावर येतात, जिना पायाखाली मोडतो, आणि वर्तमानपत्राच्या कात्रणांतून, डायरीच्या पानांतून तेथे घडलेला एका कुटुंबाचा घात हळूहळू उलगडतो. हातात शस्त्र आहे, पण मारायचे कोणाला? शत्रू दिसला की भीतीचा हिशेब मांडता येतो. तो इतका मोठा, आपण इतके बळकट. दिसलाच नाही तर हिशेबाला आकडाच मिळत नाही. भरतमुनींचे ओसाड घर ते हेच.

दुसरे साधन धुके. 1999 साली ‘सायलेंट हिल’ हा जपानी खेळ आला. तो भूमिकेच्या जातीचा नव्हे, पण त्याचा धडा सर्वांनी गिरवला. त्या काळच्या यंत्राला दूरवरची घरे, रस्ते एकदम दाखवणे झेपत नसे. म्हणून करणारांनी सबंध गावावर धुके पसरले आणि ती उणीव झाकली. झाकायला घातलेले पांघरूणच खेळाचे भूषण ठरले. शिवाय नायकाच्या खिशात एक रेडिओ दिला. काही अमंगळ जवळ आले की तो खरखरू लागतो. डोळ्यांना दिसण्याआधी कानांना कळते, आणि त्या मधल्या दोनचार क्षणांत मन जे चित्र काढते ते कोणत्याही चित्रकाराला साधणार नाही.

आवाजाचा विचार करताना ‘डार्क सोल्स’ या 2011 मधील खेळाचे नाव घेतलेच पाहिजे. आपल्या सिनेमात भूत येण्यापूर्वी व्हायोलिने किंचाळू लागतात. जणू भुताचा भालदार पुढे ललकारत येतो! या खेळात बहुतेक वाटचालीला संगीतच नाही. आपल्या पावलांचा आवाज, चिलखताची खणखण आणि दूर कोठेतरी कोणीतरी चालल्याची चाहूल, एवढेच. संगीत सुरू होते ते बहुधा एखादा बलाढ्य शत्रू समोर उभा ठाकल्यावर. त्यामुळे शांततेलाच अर्थ येतो. शिवाय हा खेळ मध्येच थांबवता येत नाही. पिशवीत औषध शोधत बसलात तरी शत्रू चालून येतच राहतो. आणि मेलात तर मिळवलेली पुंजी मेल्या जागी पडून राहते; ती आणायला एकदाच संधी, वाटेत पुन्हा मेलात तर ती गेलीच. भीतीला असे काही गमावण्याचे तारण लागते. ज्याचे काही जाणार नाही, त्याला कशाचे भय?

या खेळाचे कर्ते हिदेताका मियाझाकी यांनी आपल्या लहानपणाची एक हकीकत सांगितली आहे. वयाला न झेपणारी पुस्तके ते वाचत. काही मजकूर समजत नसे, मग तेवढी जागा ते स्वतःच्या कल्पनेने भरून काढत. पुढे त्यांनी आपले खेळ तसेच रचले. ‘डार्क सोल्स’ची कथा कोणी सलग सांगत नाही. एखाद्या अंगठीच्या, एखाद्या गंजक्या तलवारीच्या वर्णनात तिचे दोन ओळींचे तुकडे सापडतात. जोडणी खेळणाराने करायची. अर्धवट समजणे हा वाचनातला दोष आपण मानतो. पण गूढ नावाच्या वस्तूचे ते बीज आहे.

आणि ज्याला गूढ निर्माण करावयाचे, त्याने अंधारावरच अवलंबून राहावे असेही नाही. पोलंडमध्ये तयार झालेल्या ‘द विचर 3’ या 2015 च्या खेळात आरंभीच्या भागातच एक बाई भेटते, ती टळटळीत उन्हात. स्लाव्ह लोकांच्या समजुतीत भर माध्यान्ही शेतात प्रकट होणारी एक पिशाच्चीण आहे. खेळात ती उजाड गावातल्या एका विहिरीपाशी घोटाळते. तिला नुसती तलवार पुरत नाही. तिच्यावर काय अन्याय झाला हे शोधायचे, विहिरीत उतरायचे, तिचे प्रेत वर काढून तिच्या कंकणासह त्याला अग्नी द्यायचा. मग तिची सुटका. हे वाचून आपल्याकडच्या कोणाला परके वाटेल? ‘‘भर दुपारी बारा वाजता विहिरीकडे जाऊ नकोस’’ हे ज्यांनी आजोळी ऐकले, त्यांना ती बाई ओळखीचीच वाटेल. भय आणि करुण यांची सांगड घातली की भूत नुसते भूत राहत नाही.

मात्र हे सारे अखंड चालले तर मन बोथट होते. म्हणून चांगला कर्ता विसाव्याची जागा ठेवतो. ‘डार्क सोल्स’मध्ये ठिकठिकाणी शेकोट्या आहेत, तेथे बसावे, दम घ्यावा. त्या ऊबेमुळेच पुढचा काळोख गार वाटतो. उलट, नको इतकी मदत वातावरणाचा घात करते. 2002 च्या ‘मॉरोविंड’मध्ये मुक्कामाकडे बोट दाखवणारा बाण नाही. लोक तोंडी वाट सांगतात, अमुक पुलापाशी डावीकडे वळा. आणि वाटेत राखेचे वादळ उठले की आपले पात्र हाताने तोंड झाकून घेते. तेथे चुकणे हाच प्रवास असतो. पुढच्या पुष्कळ खेळांत बाण आले. सोय झाली, पण मग डोळे अरण्याकडे न लागता बाणाकडे लागले.

आता आईवडिलांच्या काळजीविषयी. ती अनाठायी नाही. भयानक रसाचे सुख त्यालाच मिळते, ज्याला ‘हे खोटे आहे’ याची आत कोठेतरी खात्री असते. लहान मुलाची ती खात्री अजून पक्की झालेली नसते. त्याला रस मिळत नाही, नुसते भय मिळते. हे खेळ काही बाळगोपाळांसाठी नव्हेत. वर सांगितलेल्या ‘विचर’च्या वेष्टनावर युरोपात 18 हा वयाचा आकडा छापलेला असतो, तो किमतीइतकाच लक्षपूर्वक वाचावा. परंतु घरातला जाणता मुलगा किंवा मुलगी असे काही खेळत असेल, तर दार लोटून ‘बंद कर ते’ म्हणण्याआधी अर्धा तास शेजारी बसून पाहावे. तो शत्रू मारतो आहे, की धुक्यात उभा राहून कान देतो आहे? दुसरे असेल तर तो जे करतो आहे, त्याला रसिकता म्हणतात; मग माध्यम कोणतेही असो.

मला खंत वाटते ती निराळ्याच गोष्टीची. पोलंडच्या लोकांनी आपल्या शेतातली पिशाच्चीण जगभर नेली. त्यांना तिची लाज वाटली नाही. आपल्याकडे हडळ आहे, जखीण आहे. कोकणात आणि गोव्यात ग्रामदैवताचा मान मिळवलेला, भ्यावे की नमस्कार करावा असा संभ्रम पाडणारा वेताळ आहे. पण ही मंडळी आता आमच्या मुलांच्या कानांवरच पडत नाहीत. उद्या एखाद्या मराठी मुलाने असा खेळ रचायचे मनात आणले, तर हुनर त्याला कोठेही शिकता येईल. गोष्ट मात्र घरातूनच मिळावी लागेल.

दिवाळीत घर भरलेले असते. आजोळची भावंडे जमलेली असतात, फराळाची ताटे उठलेली असतात. अशा एखाद्या रात्री मोठ्या मुलांना भोवती बसवून आपल्या गावची एक गोष्ट सांगून पाहा. दिवा तेवढा बारीक करा, आवाज चढवू नका, मध्ये थोडे थांबा; आणि भूत शक्य तितके उशिरा आणा. नाही आणलेत तरी चालेल.