चुटकी वाजवून गाडी रंगत नाही

रिस्टोरेशनची रील्स तुम्हीही पाहिली असतील. पहिले तीन सेकंद गंजलेली, चारही टायर बसलेली प्रीमियर पद्मिनी. मग कुणीतरी चुटकी वाजवतं आणि पुढच्याच क्षणी तीच गाडी आरशासारखी लखलखीत! कमेंट्समध्ये आगीच्या इमोजींचा पाऊस. माझा आक्षेप त्या चुटकीवर आहे. कित्येक महिन्यांचं जे काम त्या चुटकीत गायब होतं, ही चमक किती टिकणार ते नेमकं तिथेच ठरतं. आणि ते काम कुणी पाहिलेलंच नसल्यामुळे रंगाला फोड आले की सगळी बोटं एकाच माणसाकडे वळतात. पेंटरकडे.

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, मूळची फियाट ११०० असलेली ही गाडी. काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून गेली, तेव्हा आपण सगळ्यांनीच हळवे स्टेटस टाकले होते. आता आजोबांच्या शेडमधल्या खासगी पद्मिनींवरची कापडं निघतायत, हे छानच आहे. फक्त एक लक्षात घ्या, शेवटची पद्मिनीसुद्धा आपल्यापैकी बहुतेकांपेक्षा वयाने मोठी आहे. एवढे पावसाळे पाहिलेला पत्रा नुसत्या नव्या रंगाने तरुण होत नाही.

माझ्या एका मित्राच्या घरी हेच झालं. दसऱ्याला गाडी दारात हवी म्हणून घाईघाईत रंगवून घेतली. पुढच्या गणपतीपर्यंत दोन्ही दारांच्या खालच्या कडेला मुगाच्या दाण्याएवढे फोड. घरच्यांचा निकाल तयार होता: ‘पेंटरने फसवलं.’ दुसरं गॅरेज, पुन्हा रंग, पुन्हा पैसे. पुढच्या पावसाळ्यात फोड पुन्हा त्याच जागी! तिसऱ्या ठिकाणी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी रंगाचं नावही काढलं नाही. त्यांनी सुई मागितली. फोड फोडला तर आतून तपकिरी भुकटी आली. मग दाराचं आतलं पॅड काढलं. काचेच्या रबरातून दारात उतरणारं पाणी बाहेर जावं म्हणून खाली भोकं असतात, ती पहिल्याच वेळी पुट्टीने बुजवली होती. दार म्हणजे पाण्याची टाकी झालं होतं आणि पत्रा आतून कुजत होता. बाहेरून जगातला सर्वांत महागडा रंग मारला असता तरी काय फरक पडला असता?

ही सुईची परीक्षा मला फार आवडली, कारण ती आधी विचारते आणि मग आरोप करते. भुकटी निघाली तर गंज. पाणी निघालं तर ओल अडकलीय. ती कंप्रेसरच्या हवेतून आली असेल किंवा पुट्टीतून. पुट्टी स्पंजासारखं पाणी पिते. ती पाणी लावून घासली आणि नीट सुकू न देता वर प्रायमर मारला की ओल कायमची आत राहते. आपल्याकडे जुलैत हे किती सहज होत असेल, विचार करा. आणि आधीच गंज न काढता त्यावर पुट्टी भरली असेल, तर बोलायलाच नको.

प्रत्येक खोडीचं कारण मात्र वेगळं असतं. माशाच्या डोळ्यासारखे बारीक गोल खड्डे पडले तर बहुतेकदा जुन्या पॉलिशमधलं सिलिकॉन पत्र्यावर राहिलेलं असतं. ते घासण्याच्या आधी पुसायचं असतं. आधी घासलं तर ते ओरखड्यांमध्ये जाऊन बसतं. रंग वाळल्यावर काही महिन्यांनी पुट्टीच्या ठिगळाची कड दिसू लागली तर समजा, तिला सुकून बसायला वेळच दिला नव्हता.

जुन्या गाड्यांची खास डोकेदुखी म्हणजे एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा रंग. मधल्या काळात कुणीतरी स्वस्तात मारलेला हा थर अनेक गाड्यांवर असतो. त्यावर थेट आजचा पीयू मारला की त्यातलं सॉल्व्हंट खालचा थर उचलतं आणि सायीसारख्या सुरकुत्या पडतात. थिनरमध्ये भिजवलेला कापूस एका कोपऱ्यात घासा. रंग विरघळून कापसाला लागला तर एनसीची शंका पक्की. मग तो काढून पत्र्यापर्यंत जाणं हाच खात्रीचा मार्ग. दमट हवेत एनसी मारला तर आणखी गंमत. थिनर भराभर उडतं, पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि काळी गाडी ताक सांडल्यासारखी पांढुरकी दिसते. यात पेंटरच्या हाताचा दोष किती आणि भर पावसात ‘परवा गाडी द्या’ म्हणणाऱ्याचा किती?

पेंटर चुकतच नाहीत असं मला म्हणायचं नाही. भोकं बुजवली ती पेंटरनेच. पण सुकण्याचे दिवस आपण बिलातून कापायला सांगतो आणि मुहूर्त आपण ठरवतो. वर त्या घाईचं दुसरं बिलही तोच भरतो. टू-के पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, त्यांच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो. एकदा तो जडला की नंतर थोडासा वासही पुरतो. त्यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क लागतो. आपल्या गल्लीतल्या गॅरेजमध्ये डोकावा, तोंडाला रुमाल बांधलेला असतो. बऱ्याचदा तो मुलगा आपल्याच वयाचा असतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. गाडी रंगायला देताना चकचकीत फोटोआधी उघड्या पत्र्याचे फोटो मागा. पुट्टीच्या आधीचे, प्रायमरनंतरचे. कोटेशनमध्ये सुकण्याचे दिवस आणि मास्क वेगळे लिहून घ्या आणि त्यावर घासाघीस करू नका. रील करायचंच असेल तर या मधल्या दिवसांचं करा ना भाऊ, मी स्वतः शेअर करेन.

आणि घरी जुनी गाडी किंवा चेतक असेल तर या रविवारी फ्रिजवरचं मॅग्नेट काढा. ओरखडा पडू नये म्हणून त्याला पातळ रुमाल गुंडाळा आणि दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी, काचेच्या रबराजवळची जागा हळूहळू तपासा. जिथे मॅग्नेट घट्ट धरतं तिथे पत्रा आहे. जिथे ते घसरून पडतं तिथे बहुधा जाड पुट्टी आहे. तिथे खडूने गोल करा आणि गॅरेजवाल्याकडे जाण्याआधी ते गोल मोजून ठेवा.