मुलांचा आवाज मुलांना कधी ऐकवणार?



ऊसतोड कामगारांच्या मुलांची कैफियत जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांपुढे मांडणाऱ्या संस्थांबद्दलची बातमी वर्तमानपत्रात वाचली. 'मुलांचा आवाज जगापुढे' असे तीत म्हटले आहे. ज्यांचा हा आवाज, त्यांतल्या एका तरी मुलाने तो अहवाल वाचला आहे का, एवढेच मला विचारायचे आहे.

बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी तीस वर्षे शिकवले. अशाच एका अहवालासाठी एक संस्था आमच्या शाळेत आली होती. महिना डिसेंबरचा. ऊसतोडीच्या टोळ्या कधीच गेलेल्या, निम्मा वर्ग रिकामा. आजी-आजोबांपाशी मागे राहिलेल्या मुलांकडून दोन दिवस प्रश्नावल्या भरून घेतल्या, चित्रे काढून घेतली, फोटो काढले. उसाच्या फडात वाढे गोळा करणारी, कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेली पोरे तेव्हा शेकडो किलोमीटर दूर होती. तिथे कोणी गेले नाही. अहवाल इंग्रजीत निघाला, परदेशी गेला. शाळेला एक प्रतसुद्धा आली नाही. सातवीतली एक मुलगी कितीतरी दिवस मला विचारायची, "बाई, आमच्या चित्रांचं काय झालं?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता स्वीकारली. तिचे १२ वे कलम मुलाला स्वतःचे मत मांडण्याचा हक्क देते. ४४ वे कलम सरकारला बजावते की, बालहक्क समितीला दिलेला अहवाल आपल्या देशातल्या लोकांपर्यंत पोचवा. सरकार त्यात कमी पडले की संस्था त्याला धारेवर धरतात, आणि ते योग्यच आहे. मग हाच नियम त्या स्वतःला का लावून घेत नाहीत? कलमात आमचे नाव नाही, असे म्हणणे ही पळवाट झाली.

जिनिव्हाला मराठी चालत नाही, हे मलाही कळते. पण आमच्या गावाला इंग्रजी चालत नाही, त्याचे काय? भाषांतराला पैसे नसतात, हे कारण तर मुळीच पटत नाही. मानवी हक्क परिषदेपुढे देशाचा आढावा होतो, तेव्हा एका संस्थेच्या निवेदनाला २,८१५ शब्दांची मर्यादा असते. दोन हजार आठशे पंधरा! ग्रामसभेत कोणीही शिक्षक अर्ध्या तासात वाचून दाखवील. जिनिव्हाच्या एका विमान तिकिटाच्या पैशात एवढा मजकूर कितीदा तरी मराठीत येईल. बालहक्क समितीला जाणारे संस्थांचे पर्यायी अहवाल मोठे असतात, मान्य. त्यांचा चार पानी सारांश द्या.

मुलांची ओळख उघड होईल, असेही सांगितले जाते. नावे झाकलीच पाहिजेत, त्याबद्दल वाद नाही. पण मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला अख्खे घर फडावर जाते आणि पोरांची शाळा सुटते, हे आमच्या गावापासून काय लपवायचे? अहवाल पाठवण्याआधी गावात वाचला असता, तर कोणाला विचारायचे राहून गेले, हे लोकांनी तिथल्या तिथे सांगितले असते.

सरकारची तऱ्हा याहून वेगळी नव्हती. शाळाबाह्य मुले शोधण्यासाठी राज्यभर एका दिवसाचे सर्वेक्षण झाले, ते ४ जुलै २०१५ रोजी. जुलैत आमची पोरे घरीच असतात! ऊसतोडीला माणसे दिवाळीच्या आसपास बाहेर पडतात, हे साखर कारखान्यांच्या या राज्यात कोणाला ठाऊक नाही? आम्ही शिक्षक त्या दिवशी वाड्यावस्त्या पालथ्या घालत होतो, आणि ज्यांची शाळा चार महिन्यांनी सुटणार होती, ती मुले समोर वर्गात बसलेली होती. सरकारने जुलैत मोजले, संस्थेने डिसेंबरात रिकाम्या गावात येऊन विचारले. फडावरचे पोर दोघांच्याही कागदात आले नाही.

पुढचा अहवाल लिहिणाऱ्यांनी जानेवारीत फडावर यावे, तिथल्या मुलांशी बोलावे आणि लिहिलेले पाडव्यानंतर टोळ्या परतल्या की गावात मराठीत वाचून दाखवावे. मगच ते जिनिव्हाला पाठवावे. कोणती टोळी कोणत्या कारखान्यावर आहे, हे आमच्या गावात कोणीही सांगेल.

– एक निवृत्त शिक्षिका, जि. बीड