खरेदी झाली आणि बोजा निघाला, आता काय?

बैल घ्यायचा म्हटलं की आपण दात बघतो, चार पावलं चालवून बघतो. जमिनीचा सौदा मात्र शब्दावर उरकतो. 'जमीन निर्वेध आहे, बोजाबिजा काही नाही,' असं विकणारा सांगतो, आपण इसार देऊन मोकळे होतो. खरेदीखत होतं आणि मागाहून बँकेची नोटीस दारात येते.

मग पहिली धाव तलाठ्याकडे. 'भाऊसाहेब, खरेदी रद्द करा.' पण नोंदणी झालेलं खत रद्द करण्याचा अधिकार तलाठ्यालाही नाही आणि तहसीलदारालाही नाही. फेरफारावर मुदतीत हरकत घ्यावी हे खरं. खत मात्र दिवाणी कोर्टातच रद्द होतं.

1872 च्या करार कायद्यात याची तरतूद आहे. जाणूनबुजून खोटं सांगणं ही कलम 17 ची फसवणूक. खरं समजून चुकीचं सांगणं हे कलम 18 चं चुकीचं कथन. दोन्हींत करार आपोआप बुडत नाही. तो ठेवायचा की मोडायचा हे फसलेल्याने ठरवायचं. कलम 19 मध्ये उदाहरणच गहाणाचं आहे: निर्वेध सांगून विकलेली मिळकत गहाण निघाली, तर घेणाऱ्याने करार मोडावा किंवा विकणाऱ्याला गहाण फेडायला लावून तो पुरा करून घ्यावा. जमीन चांगली असेल तर दुसरी वाट बरी. मोडायचं ठरलं तर जमीन परत द्यावी लागते. फसवणूक शाबीत झाली तर भरपाईही मागता येते.

मात्र एक मेख आहे. विकणाऱ्याने अजाणता चुकीचं सांगितलं आणि साध्या चौकशीने खरं कळलं असतं, तर करार मोडता येत नाही. सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा लिहिलेला असताना 'मी बघितलाच नाही' हे कोर्टात टिकणं कठीण.

मुदतही आहे. 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे खरं कळल्यापासून 3 वर्षांत दावा लावावा लागतो. कळूनही व्यवहार मान्य असल्यासारखे वागलात, तर हक्क जाऊ शकतो. म्हणून कळताच वकिलामार्फत लेखी नोटीस द्यावी.

तेव्हा इसाराआधी ताजा सातबारा आणि फेरफार बघा, दुय्यम निबंधकाकडे शोध घ्या, आणि 'बोजा नाही' हे वाक्य खतात लिहूनच घ्या. तोंडी शब्दाला साक्षीदार शोधावा लागतो, कागदाला नाही.